शेतातल्या ॲपनं लोकेशन फक्त उपग्रहाकडून घ्यावं, टॉवरकडून अजिबात नाही

मांजराकाठ
मी एका कारखान्यासाठी ऊस नोंदीचं ॲप लिहितो. गेल्या आठवड्यात केज-कळंब पट्ट्यातल्या नोंदी नकाशावर टाकून बघितल्या, तर चौदा प्लॉट एकाच टिंबावर बसलेले. चौदा शेतकरी, चौदा गट नंबर, लागणीच्या तारखा वेगवेगळ्या, पण अक्षांश-रेखांश शेवटच्या आकड्यापर्यंत एकच. ते टिंब कुठं, तर रस्त्याकडेच्या पडीक जागेत, मोबाईल टॉवरच्या शेजारी. अचूकतेच्या रकान्यात १८०० मीटर लिहिलेलं होतं, म्हणजे ठिकाण एवढं चुकलेलं असू शकतं. तो रकाना आम्ही पहिल्या दिवसापासून साठवत होतो. उघडून बघितला कुणीच नव्हता.

याचा भुर्दंड एका शेतकऱ्याला बसला. तोडीची टोळी नकाशा बघत गेली आणि भलत्याच वावरात कोयते टेकवून बसली. ज्याची पाळी होती त्याचा खोडवा, म्हणजे बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, अकरा दिवस मागं पडला. तुरे आलेल्या उसाचे अकरा दिवस म्हणजे वजन जातं, हे इथं कुणाला सांगायला नको.

चूक माझ्या कोडची. आम्ही फ्यूज्ड प्रोव्हायडर, म्हणजे ॲपला ठिकाण सांगणारा फोनमधला एकत्रित स्रोत, वापरला होता. तो उपग्रह, वायफाय, टॉवर सगळ्यांचं एकत्र करून उत्तर देतो, आणि उपग्रह सापडेपर्यंत टॉवरवरून काढलेलं ठिकाण पुढं करतो. उत्तरावर नाव नुसतं ‘फ्यूज्ड’ असतं, ते कशावरून काढलं हे कळायला मार्ग नाही. शहरात गल्लोगल्ली वायफाय असल्यानं निभावतं. वावरात वायफाय कुठून येणार? तिथं उरतो तो टॉवर, आणि तोही दोन कोसांवर.

म्हणून माझं ठाम मत झालंय. ॲण्ड्रॉइडच्या लोकेशन मॅनेजरकडं, म्हणजे ॲपला ठिकाण पुरवणाऱ्या भागाकडं, थेट जीपीएस प्रोव्हायडर (फक्त उपग्रहांचा) मागायचा, नेटवर्क प्रोव्हायडरला (टॉवर-वायफायच्या) हात लावायचा नाही. ‘शेवटचं ठाऊक असलेलं लोकेशन’ही घ्यायचं नाही, ते सकाळच्या चहाच्या टपरीवरचं असू शकतं. अचूकतेचं वर्तुळ १० मीटरच्या आत येईपर्यंत जतन करायचं बटण बंद. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे साधारण दहा मीटरची बाजू. ज्या मुलखात गुंठ्यावरून भावाभावांत कज्जे चालतात, तिथं याहून ढिलं माप चालणार नाही.

खोडवा_लागण
दादा, बटण बंद ठेवा म्हणणं सोपं हाय. मी चिटबॉय हाय, कारखान्यासाठी ऊस नोंदी घेतो, दिवसाला पंधरा-वीस प्लॉट फिरतो. डोक्याच्या वर गेलेल्या उसात उभं राहिलं की पाच-पाच मिनिटं ते चक्र नुसतं फिरायलंय. पानं मानेला कापायलेत, शेतकरी मागं उभा राहून विचारायलाय, झालं का, झालं का. ऊस ओला असला तर अजूनच अवघड.

खरं सांगतो, बटण दबलंच नाही तर मी काय करणार? बाहेर रस्त्यावर येणार, तिथं आभाळ मोकळं, पटकन चार मीटर दाखवतंय, तिथूनच नोंद टाकणार. समदे असंच करतेत. मग तुमचं जीपीएस एकदम अचूक, पण रस्त्याचं! टॉवरचं चुकलेलं निदान १८०० आकड्यावरून सापडलं तरी. माझं रस्त्यावरचं चार मीटर तुम्ही कसं शोधणार?

धुऱ्यावरचा_दगड
खोडवा_लागण यांचा मुद्दा बिनतोड आहे, पण त्यावर टॉवर हा उतारा नाही. चक्र का फिरतं ते आधी बघा.

फोनला ठिकाण काढायला निदान चार उपग्रह लागतात, आणि ते नेमके कुठं आहेत हेही माहीत असावं लागतं. ही माहिती, जिला इफेमेरिस म्हणतात, जीपीएसचा प्रत्येक उपग्रह स्वतःच पाठवतो. पण सेकंदाला ५० बिट या गतीनं. ती माहिती दर ३० सेकंदांनी फिरून येते. मध्येच सिग्नल तुटला की राहिलेला तुकडा पुढच्या फेरीत घ्यावा लागतो. वीस हजार किलोमीटरवरून आलेला सिग्नल आधीच क्षीण, त्यात उसाच्या पानांतलं पाणी तो आणखी खातं. एकदा माहिती हाती आली की मात्र त्याहून क्षीण सिग्नलवरही फोन उपग्रह धरून ठेवतो.

म्हणून वावरात शिरायच्या आधी धुऱ्यावर, मोकळ्या आभाळाखाली ॲप उघडा. दीड-दोन मिनिटं थांबा. आकडा खाली आला की ॲप बंद न करता आत चाला. ती माहिती दोन-चार तास चालते, त्यामुळं पुढच्या प्लॉटवर एवढं थांबावं लागत नाही. दिवसाचा पहिला प्लॉट तेवढा वेळ खातो.

आणि मांजराकाठ, एक घोळ तुम्हीही करू नका. नेटवर्कवरून ठिकाण काढणं वेगळं, आणि नेटवर्कवरून उपग्रहांची इफेमेरिस उतरवून घेणं वेगळं. दुसऱ्याला ए-जीपीएस म्हणतात. त्यात ठिकाण उपग्रहावरूनच निघतं, फक्त ती संथ माहिती इंटरनेटवरून पटकन मिळते. पहिलं तोडा, दुसरं राहू द्या. रेंज असेल तिथं थांबणं काही सेकंदांवर येतं.

कोरडवाहू
मी याच्या पूर्ण विरोधात आहे, आणि ऊस सोडून बोलतो.

आमच्याकडं सोयाबीन. पावसानं शेत तळं होतं तेव्हा नुकसानीचा फोटो लोकेशनसकट ठरलेल्या मुदतीत टाकावा लागतो. माझे वडील अडुसष्ट वर्षांचे. स्वस्तातला फोन, काच तडकलेली, पिंढरीपर्यंत चिखल. त्यांना ‘दहा मीटर होईपर्यंत थांबा’ म्हणणारं ॲप म्हणजे बंद दारच. दोन वर्षांमागं असंच झालं. एका ॲपनं तीनदा ‘लोकेशन मिळाले नाही’ दाखवलं, चौथ्यांदा बॅटरी गेली, दुसऱ्या दिवशी मुदत संपलेली. ती नोंद कधी झालीच नाही. चुकीच्या टिंबावर असती तर फोटो आणि गट नंबर दाखवून भांडता तरी आलं असतं. नसलेल्या नोंदीसाठी कुणाशी भांडणार?

माझ्या मते आधी नोंद घ्या, मिळेल ते लोकेशन घ्या, आणि त्यावर ‘अंदाजे’ असा शिक्का मारा. बाकीचं नंतर दुरुस्त होतं.

मांजराकाठ
कोरडवाहू, तुमच्या वडिलांचं वाचून फार वाईट वाटलं. पण शिक्क्याचं काय होतं ते मी जवळून बघितलंय. ॲपमध्ये ‘अंदाजे’ असतं. तिथून तक्त्यात जाताना तो वेगळा रकाना होतो, तक्ता नकाशावर चढताना रकाना गळतो, आणि उरतो नुसता लाल ठिपका. ठिपका बघणाऱ्याला तो १८०० मीटरचा आहे की ८ मीटरचा हे दिसत नाही. आमच्या त्या चौदाही नोंदींवर आकडा होताच की.

एवढं मात्र मान्य: नोंद अडवायची नाही. दोन मिनिटांत वर्तुळ आवळलं नाही तर फोटो, तारीख, गट नंबर जतन होईल, लोकेशनची जागा रिकामी राहील. रिकामी जागा बघून माणूस परत जातो. खोटा ठिपका बघून कुणी जात नाही.

निळा_ठिपका
परवानगीकडंही लक्ष द्या. ॲण्ड्रॉइड १२ पासून फोन ‘अचूक’ की ‘अंदाजे’ विचारतो. घाईत ‘अंदाजे’ दाबलं तर फोन मुद्दामच तीनेक चौरस किलोमीटरच्या आतलं कुठलंही ठिकाण देतो. मग जीपीएस प्रोव्हायडर मागूनही उपयोग नाही. बटण बंद ठेवण्याआधी हे तपासा, नाहीतर बिचारा माणूस उन्हात थांबून राहील आणि आकडा कधीच खाली येणार नाही. शिवाय ‘१० मीटर’ म्हणजे खात्री नव्हे. तीनातलं एक मोजमाप त्या वर्तुळाबाहेर पडू शकतं. बांधाच्या कज्ज्याला मोजणीच लागते.

अंबाजोगाईची_लेक
मी मांजराकाठ यांच्या बाजूनं, पण कारण वेगळं. नेटवर्कवरून ठिकाण काढायचं म्हणजे फोन आसपासच्या टॉवरचे आणि वायफायचे ओळखक्रमांक कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरला कळवतो आणि तिथून उत्तर आणतो. जीपीएसमध्ये फोन फक्त ऐकतो, पाठवत काही नाही. माझी आई एकटी शेत बघते. ती कुठल्या वेळी कुठल्या वावरात असते हे दुसऱ्या कुणाच्या वहीत जावं असं मला वाटत नाही. आणि तिच्या फोनचा रिचार्ज महिन्यातले आठ दिवस संपलेला असतो, तेव्हाही उपग्रह तिला सापडतोच. नेटवर आधारलेलं ॲप त्या आठ दिवसांत तिच्या काय कामाचं?

खोडवा_लागण
दगडभाऊंचं ऐकून आज सकाळी करून बघितलं. धुऱ्यावर लिंबाखालून बाजूला झालो, दोन मिनिटं थांबलो, चार मीटर आलं. तसंच आत गेलो, मधोमध उभा राहिलो, सात मीटर. नोंद टाकली. खरंच टिकतंय. पण तिसरा प्लॉट ओढ्याच्या काठाला, एका अंगाला उंच दरड, तिथं चौदाच्या खाली येईनाच. मांजराकाठ, तुमचा दहाचा आकडा वीस करा, नाहीतर त्या ओढ्यावरच्या चार जणांच्या जागा रिकाम्याच राहतेत.

मांजराकाठ
वीस नाही करत, तिथले प्लॉट दोन-दोन गुंठ्यांचे आहेत. पंधरा करतो. आणि ओढ्यावरच्या चौघांसाठी परवा मी स्वतः येतो, तुमच्यासोबत आत उभं राहून बघायचंय मला.