मदत हवी आहे: वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक, काका ३१ व्या वर्षी गेले. आम्ही भावंडांनी कोणत्या तपासण्या करायच्या?

वाटसरू_मिरज:
वय ३७, पुरुष, बहीण ३३. वडिलांना ४९ व्या वर्षी अटॅक आला, दोन स्टेंट आहेत. त्यांचे धाकटे भाऊ ३१ व्या वर्षी शेतात काम करताना कोसळले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. घरात त्यालाही अटॅकच म्हणतात. आजीला 'वॉल्व्हचा त्रास' होता. आम्हा दोघांना आत्ता काही त्रास नाही, तंबाखू-सिगारेट नाही. बहिणीला गरोदरपणात शुगर निघाली होती, नंतर गेली.
समोर तीन पर्याय आहेत: लॅबचं ७० टेस्टवालं 'फुल बॉडी', एका हॉस्पिटलचं हार्ट पॅकेज (ईसीजी, टूडी इको, स्ट्रेस टेस्ट), आणि 'सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून सोक्षमोक्ष लावा' हा नातेवाइकांचा सल्ला. कशापासून सुरुवात करावी?

झाडपाला:
आधी कागद गोळा करा, रक्त नंतर. 'आमच्यात हार्टचं आहे' या एका वाक्यात तुमच्याकडे बहुधा तीन वेगळे आजार आहेत आणि तिन्हींच्या तपासण्या वेगळ्या.

वडील: आई-वडील, भावंडं, मुलं यांपैकी पुरुषाला ५५ च्या आत किंवा स्त्रीला ६५ च्या आत हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार झाला तर तो अकाली धरतात. ४९ त्यात येतं. त्यांचं डिस्चार्ज कार्ड आणि अँजिओग्राफीचा रिपोर्ट शोधा. किती नळ्यांत अडथळा होता, तेव्हा शुगर, बीपी, तंबाखू होती का, हे त्यात सापडेल. पाकिटं ओढणाऱ्याचा ४९ व्या वर्षीचा अटॅक आणि कुठलंच व्यसन नसलेल्याचा, यात मुलांच्या दृष्टीने फरक पडतो. (घरातल्या बायकांबद्दल विचारताना मिसरीचं वेगळं विचारा. ती तंबाखूत कोणी धरतच नाही.) गोळ्या सुरू होण्याआधीचं एलडीएल ('वाईट' कोलेस्टेरॉल) मिळालं तर फारच उत्तम. पण अटॅकनंतर साधारण २४ तासांत एलडीएल उतरायला लागतं आणि काही आठवडे कमी दिसतं. कार्डवरचा आकडा बरा दिसला म्हणून 'बाबांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल होतं' असं समजू नका.

काका: इथे मला जास्त घाई वाटते. ३१ व्या वर्षी कष्टाचं काम करताना अचानक मृत्यू म्हणजे ब्लॉकेजच, असं नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार (हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी) किंवा ठोक्यांच्या विजेतला जन्मजात दोष असू शकतो. यातले बहुतेक पुढच्या पिढीत ५० टक्के शक्यतेने उतरतात. पोस्टमॉर्टेम झालं होतं का ते पाहा. त्याआधी त्यांना कधी चक्कर येऊन शुद्ध हरपली होती का, 'फिट' आली होती का, घरात कोणी पोहता येत असूनही बुडालं का, हे म्हाताऱ्या माणसांना विचारा. यासाठी ईसीजी आणि टूडी इको खरोखर लागतात, आणि फक्त तुमचे नाही: वडील, त्यांची बाकीची भावंडं आणि काकांना मुलं असतील तर सगळ्यात आधी ती.

आजी: लहानपणी सांधे सुजून ताप, पुढे धाप, दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, असं काही ऐकलं असेल तर तो संधिवाताच्या तापाने खराब झालेला वॉल्व्ह. वडिलांच्या ब्लॉकेजशी त्याचा संबंध नाही.

तिरपी_रेघ:
'फुल बॉडी'त ७० आकडे असतात आणि त्यातले बरेचसे तुमच्या प्रश्नाला लागू नसतात. तुम्हाला हवंय ते एवढंच: लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलचे सगळे प्रकार), लायपोप्रोटीन-ए (एलडीएलसारखाच एक चरबीचा कण), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) आणि उपाशीपोटी शुगर, क्रिएटिनिन (किडनी), टीएसएच (थायरॉइड), एसजीपीटी (लिव्हर). टीएसएच का, तर थायरॉइड मंद असलं की एलडीएल चढतं आणि कोलेस्टेरॉलची गोळी भलत्याच गोष्टीसाठी सुरू होते.

लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदाच करायची. तो आकडा जनुकांनी ठरतो, खाण्यापिण्याने हलत नाही. ५० एमजी/डीएल किंवा १२५ नॅनोमोल/लिटरच्या वर असेल तर धोका वाढलेला. एका एककाचं दुसऱ्यात गुणाकाराने रूपांतर करू नका, ते नीट जुळत नाही. आणि पॅकेजच्या यादीत 'अपोलायपोप्रोटीन ए-१' दिसलं म्हणून खूश होऊ नका, ती वेगळी टेस्ट. पुष्कळ जण इथेच फसतात.

लिपिडसाठी उपाशी राहायलाच हवं असं आता नाही, मात्र ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४०० च्या वर आले तर उपाशीपोटी पुन्हा करावी लागते, कारण एलडीएल बऱ्याच ठिकाणी मोजत नाहीत, सूत्राने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग. ४०० च्या वर हे सूत्र चालत नाही. नुकताच डेंग्यू-टायफॉइड झाला असेल तर थांबा, आजारपणात एलडीएल खोटं कमी येतं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर लॅबला सांगा, टीएसएच चुकू शकतं.

एलडीएल १९० च्या वर आलं तर कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया (जन्मापासून एलडीएल फार जास्त असण्याचा आनुवंशिक आजार) डोक्यात ठेवून फिजिशियनकडे जा. टाचेच्या मागचा स्नायुबंध (टेंडन) जाड झाला आहे का, डोळ्याच्या काळ्या भागाभोवती पांढुरकी कडा आहे का, हेही दाखवा. ४५ च्या आत ती कडा दिसणं हे लक्षण असतं.

खटपट्या:
एवढं कशाला? ईसीजी नॉर्मल आला की निर्धास्त. स्ट्रेस टेस्टही केली तर प्रश्नच मिटला.

झाडपाला:
@खटपट्या, नाही मिटत. आडवं झोपून काढलेला ईसीजी त्या काही सेकंदांचा असतो. मोठा ब्लॉकेज असूनही तो साफ येऊ शकतो. टूडी इको स्नायू, झडपा आणि पंपिंग दाखवतो, नळ्या नाही. स्ट्रेस टेस्ट साधारण ७० टक्क्यांच्या पुढचा अडथळा पकडते, आणि अटॅक अनेकदा त्याहून लहान, नळीतला चरबीचा मऊ थर फुटून येतो. लक्षणं नसलेल्या तरुण बायकांत तर ती बऱ्याचदा खोटी पॉझिटिव्ह येते आणि मग अँजिओग्राफीपर्यंत फरफट होते.
सीटी अँजिओत शिरेतून डाय देतात, रेडिएशनही असतं. लक्षणं नसताना चाळणी म्हणून ती करत नाहीत. कॅल्शियम स्कोअर (नळ्यांतला चुना मोजणारा सीटी; डायशिवाय, रेडिएशन फार कमी) चाळिशीनंतर उपयोगी आहे, पण तिशीत शून्य आला तरी हुरळून जाऊ नये, थरात चुना साचायला वर्षं लागतात.
छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, दरदरून घाम: यापैकी काही झालं तर पॅकेज नाही, १०८. 'ॲसिडिटी असेल' म्हणत रात्र काढायची नाही.

पारा_आणि_पट्टा:
बीपी राहिलं. घरी वरच्या दंडाचं मशीन वापरा, मनगटाचं नको. अर्धा तास आधी चहा नाही, लघवीला जाऊन या, पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर, ५ मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीवर टेबलावर. मिनिटभराच्या अंतराने दोन रीडिंग, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर. पहिला दिवस सोडून सरासरी. १३५/८५ किंवा जास्त असेल तर डॉक्टर. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागवा, लहान पट्ट्याने बीपी खोटं जास्त दिसतं.
कंबर पायजम्याच्या नाडीच्या जागी नाही, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध मोजा. आपल्याकडे पुरुष ९० आणि बाई ८० सेंटीमीटर ही हद्द.

वाटसरू_मिरज:
सगळ्यांचे आभार. रिपोर्ट आले. मी: एकूण २४८, ट्रायग्लिसराइड २१०, एचडीएल ३८, एलडीएल १६८, लायपोप्रोटीन-ए ७२ एमजी/डीएल, एचबीए१सी ५.८, टीएसएच ठीक, घरचं बीपी सरासरी १२८/८२, कंबर ९६. बहीण: एलडीएल ११२, लायपोप्रोटीन-ए १५, एचबीए१सी ६.१, हिमोग्लोबिन ९.८. दोघांचे ईसीजी-इको नॉर्मल. काकांचं पोस्टमॉर्टेम झालंच नव्हतं. फिजिशियन मला स्टॅटिन (एलडीएल कमी करणारी गोळी) घ्या म्हणतात, घरचे म्हणतात आधी तीन महिने पथ्य कर. इंटरनेटवरच्या एका कॅल्क्युलेटरने तर वय कमी म्हणून आकडाच दिला नाही.

तिरपी_रेघ:
बरेचसे कॅल्क्युलेटर चाळिशीपासून सुरू होतात आणि वडिलांचं विचारतही नाहीत. क्यूरिस्क-३ विचारतं: २५ व्या वर्षापासून चालतं, त्यात 'भारतीय' हा पर्याय आणि साठीच्या आतल्या आजाराची कौटुंबिक नोंद आहे. पण तो आकडाही ब्रिटनच्या लोकांवरून काढलेला आणि पुढच्या १० वर्षांपुरताच. ३७ व्या वर्षी १० वर्षांचा धोका कमीच दिसणार.

एलडीएल १६८, लायपोप्रोटीन-ए ५० च्या वर आणि वडिलांचा अकाली अटॅक, हे तिन्ही एकत्र असताना फिजिशियनचं म्हणणं मला पटतं. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत कमी धोक्याच्या माणसालाही एलडीएल १०० च्या खाली हवं असं म्हटलंय, जास्त धोका असेल तर ७० च्या खाली. पथ्याने १६८ चं तिथवर येणं अवघड. पथ्य करायचंच आहे, ते ट्रायग्लिसराइड आणि कमरेसाठी: साखर, मैदा, दारू कमी केली की २१० झपाट्याने उतरतात. लायपोप्रोटीन-ए ना पथ्याने उतरणार, ना स्टॅटिनने. म्हणूनच एलडीएलवर जोर लावायचा.
गोळी सुरू केली तर ६ ते १२ आठवड्यांनी लिपिड आणि एसजीपीटी पुन्हा. अंग दुखलं तर परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना सांगून सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) तपासा.

झाडपाला:
काकांचं कारण कळणारच नसेल तर ईसीजी-इको एकदा नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका, स्नायूचा आजार उशिराही दिसतो. दर ३ ते ५ वर्षांनी पुन्हा, आणि मधे कधी धावताना चक्कर आली तर लगेच. वडिलांचा इको स्टेंटच्या वेळचा असेलच, तो कार्डिओलॉजिस्टला 'काका ३१ व्या वर्षी गेले' हे सांगून पुन्हा बघायला द्या.

बहिणीचं: हिमोग्लोबिन ९.८ असताना एचबीए१सी ६.१ वर विसंबू नका, लोहाच्या कमतरतेत तो खोटा जास्त येऊ शकतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) करा आणि शुगरसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोजची टेस्ट. आधीचे तीन दिवस नेहमीचं जेवण घ्यायचं, भात-पोळी तोडून जायचं नाही. रात्रभर ८ ते १० तास उपास, सकाळी पहिलं रक्त, ग्लुकोज ५ मिनिटांत संपवायचं आणि बरोबर दोन तासांनी दुसरं रक्त. मधल्या वेळात चहा नाही, फेऱ्या मारणं नाही. उलटी झाली तर टेस्ट बाद, दुसऱ्या दिवशी नव्याने.