दुधाची दाढ काढण्याआधी ओपीजी काढा
‘दुधाची दाढ वेळेत पडली नाही तर सरळ काढून टाकावी’ हे मत मला अजिबात पटत नाही. खाली कायमचा दात आहे का, ते आधी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा सगळे दात दाखवणारा एक्स-रे) काढून बघा. अक्कलदाढा सोडल्या तर मुळातच तयार न होणाऱ्या कायमच्या दातांत खालची दुसरी उपदाढ (दुधाच्या दाढेच्या जागी येणारा दात) आणि वरचा पुढून दुसरा दात जास्त आढळतात. माझ्या भाचीचं तेच निघालं. मुंबईच्या नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात डॉक्टरांनी फिल्म उजेडासमोर धरून दाखवली: डावीकडे दुधाच्या दाढेखाली नव्या दाताचा कोंब स्पष्ट, उजवीकडे नुसतं हाड. ती दाढ राखली. मुळं शाबूत असतील तर अशी दाढ मोठेपणीही टिकते.

उलटही होतं बरं का. वरच्या पुढच्या दोन दातांमध्ये हाडात जादा दात दडलेला असला की कायमचा दात अडतो. एक आला आणि जोडीचा सहा महिन्यांत आला नाही, तर वाट बघू नका, दाखवून घ्या.