जुनं मार्व्हल कुणाचं? स्टॅन लीचं की कर्बी-डिटकोचं?

रद्दीतलं_सोनं (धागाकर्ता)

घर रंगवायला काढलं म्हणून माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली आली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली अठरा कॉमिक्स. कॉलेजात असताना फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेली, बहुतेक सगळी मार्व्हलच्या साठच्या दशकातल्या अंकांची पुनर्मुद्रणं. पानं चहाच्या रंगाची झालीत आणि पिना गंजून मधोमध तांबडे डाग पडलेत. रंगारी हॉलमध्ये वाट बघतोय नि मी दोन रात्री फरशीवर बसून वाचतोय.

वाचून झालं आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. आपण चुकीच्या माणसाच्या गळ्यात हार घालत आलोय. सिनेमात गॉगल लावून मिनिटभर चमकून जायचे ते मार्व्हलचे लेखक-संपादक स्टॅन ली पोराटोरांनाही माहीत. त्यांचा चित्रकार जॅक कर्बी म्हटलं की समोरचा विचारतो, कोण?

त्या काळी काम कसं चालायचं बघा. ली गोष्ट तोंडी सांगायचे, कधी कधी तर दोन-चार वाक्यांत. चित्रकार घरी जाऊन वीसच्या वीस पानं रचून आणायचा. प्रसंग कुठे ताणायचा, कुठे तोडायचा, खलनायक आत कुठून येणार, सगळं त्याच्या डोक्यातलं. मग रिकाम्या फुग्यांत ली संवाद भरायचे. याला 'मार्व्हल पद्धत' असं झोकदार नाव आहे. आता मला सांगा, गोष्ट कुणी सांगितली?

1966 सालचा फँटॅस्टिक फोरचा 48 वा अंक घ्या. ग्रहच्या ग्रह गिळणारा गॅलॅक्टस पृथ्वीवर येतो, एवढं दोघांचं ठरलेलं. कर्बीने पानं आणून दिली तर त्यात फळीवर उभा राहून अंतराळात सुसाट निघालेला एक चांदीचा माणूस! ठरलेल्या गोष्टीत तो नव्हताच. एवढ्या थोर विनाशकाच्या पुढे एखादा दूत नको का, असं कर्बीचं म्हणणं. तो सिल्व्हर सर्फर. आणि हा किस्सा खुद्द लींनीच पुढे अनेकदा सांगितलाय.

त्या मालिकेचे पहिले 102 अंक कर्बीने सलग काढले. मोबदला पानामागे ठरलेला, हक्क शून्य. ऐंशीच्या दशकात स्वतःच्याच हातची मूळ चित्रं परत मागितली तर वर्षानुवर्षं भांडावं लागलं, आणि शेवटी 1987 मध्ये हजारो पानांपैकी दोनेक हजार परत मिळाली. 1994 ला माणूस गेला. कंपनीने वारसांशी तडजोड केली 2014 मध्ये.

आपल्याकडे याला आयत्या बिळावर नागोबा म्हणतात. बोला.

फुग्यातला_माणूस

सपशेल असहमत.

मुळात तुम्ही ही कॉमिक्स का जपून ठेवलीत? नुसत्या मारामाऱ्या तर तेव्हा सगळ्याच कॉमिक्समध्ये होत्या. घरभाड्याची चिंता करणारा, शिंकणारा, आपापसात वचावचा भांडणारा नायक मार्व्हलने दिला, आणि त्या भांडणाची भाषा लींची आहे. पुरावा हवा? 1970 मध्ये कर्बी रागावून डीसी या स्पर्धक कंपनीकडे गेला. तिथे लेखक, चित्रकार, संपादक सगळं तोच. त्याची न्यू गॉड्स ही मालिका 1972 मध्ये अकरा अंकांत गुंडाळावी लागली. चित्रं अफाट आहेत, वादच नाही. पण संवाद वाचा, ताम्रपटावर कोरल्यासारखे. माणसं अशी बोलत नाहीत हो.

आणि नागोबा म्हणताना जरा जपून. मालक मार्टिन गुडमन, ली पगारी संपादक. पात्रांचे हक्क त्यांच्याकडे तरी कुठे होते? सिनेमांच्या नफ्यातल्या वाट्यासाठी 2002 मध्ये त्यांनाही त्याच कंपनीवर दावा लावावा लागला. शिवाय पहिल्या पानावर शाई भरणाऱ्याचं, अक्षरं काढणाऱ्याचं नाव छापण्याचा पायंडा त्यांनीच नेटाने चालवला. सॅम रोझेन, आर्टी सिमेक ही अक्षरकारांची नावं मला आज माहीत आहेत ती लींमुळे.

खरा नागोबा बघायचा असेल तर बॅटमॅनच्या वारुळाशी जा. बॉब केनने आणला होता लाल कपड्यांतला, पाठीला ताठ पंख लावलेला कुणीतरी. काळा-करडा वेष, केप, टोकदार कानांचा मुखवटा सुचवला बिल फिंगरने, आणि 1939 ची ती पहिली गोष्टही त्यानेच लिहिली. नाव मात्र एकट्या केनचं. फिंगर 1974 मध्ये गेला. बॅटमॅनचा सहनिर्माता म्हणून अधिकृत श्रेय मिळालं 2015 मध्ये.

शाईची_बाटली

फिंगरबद्दल +१. बाकीचं पटलं नाही.

नाव छापलं, कबूल. पण काय छापलं? 'लेखक ली, चित्रकार कर्बी'. अख्खी गोष्ट रचणाऱ्याला नुसता चित्रकार म्हणायचं, गोम तर तिथेच आहे. आणि न्यू गॉड्स बंद पडलं म्हणता, त्याच सुमारास कर्बीने काढलेला डार्कसाइड पन्नास वर्षं झाली तरी डीसीचा सर्वांत मोठा खलनायक म्हणून मिरवतोय. खपावरून गुणवत्ता ठरवायची तर मग बोलणंच खुंटलं.

हा सगळा धंदाच असा उभा राहिलाय. क्लीव्हलँडच्या दोन पोरांनी, जेरी सीगल आणि जो शूस्टरनी, 1938 मध्ये सुपरमॅनचे हक्क विकले 130 डॉलरला. दोघांत मिळून! 1975 मध्ये बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे वर्षाला वीस-वीस हजार डॉलर आणि अंकावर नाव मिळालं. तोवर शूस्टरची नजर जवळजवळ गेली होती.

फुग्यातला_माणूस

@शाईची_बाटली, स्पायडरमॅनचा चित्रकार डिटको, त्याचं काय मग? अमेझिंग स्पायडरमॅनवर 1965 पासून 'कथानक स्टीव्ह डिटको' असं स्वच्छ छापलेलं आहे. ते लींच्याच अंकात ना?

शाईची_बाटली

डिटको अडून बसला म्हणून छापलं. 1966 ला तो सोडून गेला, पुढे 2018 मध्ये जाईपर्यंत मुलाखती द्यायचंही टाळलं. सुखाने नांदणारा माणूस असा जात नाही.

हिशेबी_मावशी

भांडा, भांडा. पण एक सांगते, गहिवर बाजूला ठेवून ही कॉमिक्स आज वाचवतात का? फँटॅस्टिक फोरमध्ये चौघांत एक बाई, तिची शक्ती काय, तर दिसेनाशी होणं! आणि नाव 'इनव्हिजिबल गर्ल'. सुरुवातीचे अंक ती एक तर पकडली जाते नाही तर रडते. यात दोघांचंही श्रेय आहे, सारखं वाटून घ्या.

रद्दीतलं_सोनं

मावशी, दंडवत. यावर बोलायला तोंड नाही.

डेंकालीचा_रहिवासी

अवांतर. आमचं बालपण इंद्रजाल कॉमिक्सवर गेलं. 1964 ला टाइम्सने सुरू केलं, 1990 ला बंद. वेताळ, म्हणजे मूळचा फँटम, आम्ही मराठीत वाचला, कवटीची गुहा, गुर्रन, डेव्हिल लांडगा, सगळं पाठ. वेताळाच्या मूळच्या 'बंगाला' देशाचं आपल्याकडे डेंकाली केलं होतं हेही मोठेपणी कळलं. वेताळाचा निर्माता ली फॉक, त्याचं नाव तोंडावर असायचं, पण चित्रांतली ती घोटीव रेघ साय बॅरीची हे किती जणांना ठाऊक आहे? आणि बहादूर? आबिद सुरतींनी लिहिला, चित्रं गोविंद ब्राह्मणियांची. भगवा कुर्ता, खाली जीन्स, आणि चंबळच्या डाकूंशी सामना. अमेरिकेतल्या कर्बीसाठी गळा काढण्याआधी आपण वेताळाच्या मराठी भाषांतरकाराचं नाव तरी कधी विचारलं होतं का? मी तर नाही.

रद्दीतलं_सोनं

विचारलं नव्हतं, मान्य.

बरं, काल एक प्रयोग केला. ट्रंकेतल्या गठ्ठ्यात अमेझिंग स्पायडरमॅनचा 33 वा अंक आहे, मूळ 1966 चा. डॉक्टर ऑक्टोपसचा पाण्याखालचा अड्डा, स्पायडरमॅन भल्यामोठ्या यंत्राखाली अडकलाय, छतातून पाणी गळतंय. पहिली पाचेक पानं डिटको फक्त एवढंच दाखवतो, एक माणूस ओझं उचलायचा प्रयत्न करतोय. चौकटी आधी अरुंद, माणूस तळाशी चेंगरलेला. हळूहळू चौकटी मोठ्या होतात, पाठ इंचाइंचाने वर येते, आणि मग जवळजवळ पानभर एकच चित्र, यंत्र उलथलेलं आणि हा उभा.

मी वहीचे कागद कापून सगळ्या फुग्यांवर आणि मजकुरावर ठेवले. आठ वर्षांच्या भाच्याला बसवलं. इंग्रजीशी त्याचं अजून जमत नाही, त्यामुळे गडी निष्पक्ष. म्हटलं, सांग काय चाललंय.

त्याने धडाधड सांगितलं. हा अडकलाय, पाणी भरतंय, ते समोरचं डबडं त्याला हवंय पण हात पुरत नाहीये. मोठ्या चित्रावर आला तेव्हा बसल्या जागी त्याने स्वतःचे खांदे वर उचलले. मी मनात म्हटलं, जिंकलो.

मग त्याने एका चौकटीवर बोट ठेवलं. स्पायडरमॅनच्या डोक्यात येणारे दोन चेहरे आहेत तिथे. "मामा, ही आजी कोण? आणि डबड्यात काय आहे?"

फुग्यातला_माणूस

मग काय सांगितलंत?

रद्दीतलं_सोनं

कागद उचलले आणि लींचं वाचून दाखवलं, मराठीत करून. ती त्याची काकू, दवाखान्यात आहे, डब्यात तिचं औषध. काका गेला तो आपल्यामुळे असं त्याला वाटतं, काकूला जाऊ द्यायचं नाहीये.

पोरगं "थांब" म्हणालं आणि परत पहिल्या पानावर गेलं.