पेपर पीसिंग: कागद काढताना टाके सुटतायत, ब्लॉकपण लहानमोठे झालेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, गोधड्या मी हाताने बऱ्याच शिवल्यात, आपल्या धावदोऱ्याच्या, जुन्या साड्यांच्या, त्यात फारसं मोजायचं नसतं. पण भाचीच्या बाळासाठी जरा टोकं नीट जुळलेलं काहीतरी करावं म्हणून पेपर पीसिंगच्या (छापलेल्या कागदावर कापडाचे तुकडे शिवून चित्र जुळवायचं, मग कागद फाडून काढायचा) वाटेला गेले आणि आता अडकलेय.

डिझाइन माशांचं आहे, एका अमेरिकन साइटवरून फुकट मिळालं. वीस ब्लॉक, म्हणजे गोधडीचे चौकोनी भाग करायचेत, नऊ झालेत. कागदाच्या कोऱ्या बाजूला कापड ठेवायचं, छापलेल्या बाजूने रेघेवर टीप मारायची, कापड उलटवून इस्त्री, पाव इंच मार्जिन ठेवून जास्तीचं कापायचं, की पुढच्या नंबरचा तुकडा. यात चित्र उलटं येतं हे मला पहिला मासा झाल्यावर कळलं. आई म्हणाली, मासा डावीकडे पोहला तर बाळाला काय कळतंय, त्यामुळे तो विषय संपला. शेपटीचा तिकोना तुकडा उलटवला की दर वेळी कोपऱ्यात अपुरा पडायचा, त्यावर उपाय सापडलाय, आता आधी रेघेवर टाचण्या लावते, उलटवून खिडकीच्या उजेडात बघते, मगच शिवते.

खरी अडचण पुढे आहे. एका ब्लॉकचा कागद काढून पाहिला तर कागदाबरोबर टाकेच ओढले गेले, शेपटीपाशी शिवण चक्क उघडी पडली. कापड आईच्या जुन्या सुती साड्यांचं, मऊ झालेलं. मशीन जुनं पायाचं, सुई १४ नंबर, टाका नेहमीचाच, इंचात दहाएक.

दुसरं म्हणजे पहिले पाच ब्लॉक सव्वासहा इंच भरतायत आणि नंतरचे चार बरोबर साडेसहा. शिवताना काहीच बदललं नाही, फक्त मधे कागद संपले म्हणून दुसऱ्या दुकानातून प्रिंट आणल्या. नऊच्या नऊ उसवायची माझ्यात ताकद नाहीये, आणि हो, कागद ब्लॉक जोडायच्या आधी काढायचा की नंतर?

प्रतिसाद:
टाका फार लांब आहे गं. दीड मिलिमीटर हवा, म्हणजे इंचात सोळा-सतरा. जुन्या मशीनच्या खटक्यावरच्या आकड्यांवर जाऊ नकोस, चिंधीवर शिवून पट्टी ठेवून मोज. सुई १६ ची लाव, भोकं मोठी पडली की कागद सहज फाटतो. फाडायच्या आधी शिवणीवर कागद दुमडून नखाने घडी पाड, आणि टाक्यांवर अंगठा दाबून धरून शिवणीच्या दिशेने फाड, सरळ वर उचकटू नकोस. आणि कागद नंतरच काढायचा, चारी बाजूंनी ब्लॉक जोडले गेले की. तुझं कापड मऊ आहे, तिरक्या कडा आधीच मोकळ्या केल्यास तर ताणल्या जातील आणि मग काहीच जुळणार नाही.

प्रतिसाद:
मापाचा घोळ प्रिंटमधला वाटतोय. अमेरिकेतला लेटर कागद साडेआठ इंच रुंद, आपला ए-फोर जेमतेम सव्वाआठ. पहिल्या दुकानात 'फिट टू पेज' चालू असणार, त्याने अख्खं चित्र बारीक होतं. 'अ‍ॅक्चुअल साइझ' वर छापून घ्यायचं, आणि पानावर बहुतेक एक इंचाचा चौकोन दिलेला असतो तो दुकानातच मोजायचा. उसवू नका! सगळ्याच ब्लॉकना चारी बाजूंनी सव्वा इंचाची पट्टी लावा आणि मग साडेसात इंचावर एकसारखे कापून घ्या. लहान ब्लॉकची पट्टी थोडी रुंद दिसेल, माशांच्या गर्दीत कुणी बघत नाही.

धागाकर्ती:
दोघींचे खूप आभार. जुन्या प्रिंटवरचा चौकोन मोजला, इंचाला थोडा कमीच आहे, दुकानात कशाला बघतेय मी. चिंधीवर सोळा टाक्यांनी शिवून पाहिलं, कागद टर्रकन निघाला, शिवण जागच्या जागी. पट्ट्यांना आईच्या निळ्या इरकलीचा काठ काढणार होते, पण तो जाड पडेल ना? आणि अजून एक, झेरॉक्सची काळी शाई इस्त्रीच्या तळाला लागलीये आणि आज एका पिवळ्या माशाच्या पोटावर उतरलीये, ती कशी काढू?