मदत हवी आहे: फोटोवर ‘नाद खुळा’ सोडून काय लिहायचं?

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरातल्या हौशी फोटोवाल्यांचा आमचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. कॉलेजची पोरं, काही शिक्षक, एक निवृत्त काका. फोटो पडला की अंगठे, फुलं, ‘नाद खुळा’, संपला विषय. हल्ली काही जण स्वतःहून लिहितात, ‘काय चुकलं ते सांगा.’ मग सगळे चिडीचूप. एकच गडी बोलतो: ‘होरायझन वाकडा. हायलाइट्स गेले (उजळ भाग पांढरेफटक झाले). क्रॉप कर (कडा काप).’ म्हणतो ते खरं असतं, पण ज्याचा फोटो तो पोरगा पुढं बरेच दिवस फोटो टाकत नाही.

सध्या दोन फोटो समोर आहेत. एक रंकाळा तलावाचा, चौपाटीवरून मावळतीला काढलेला. पाण्याची रेष डावीकडं उतरलेली, शालिनी पॅलेसचा मनोरा कललेला. इथं बोलणं सोपं, रंकाळा उद्याही तिथंच आहे. स्क्रीनवर ग्रिडच्या आडव्या-उभ्या रेषा लाव, सूर्यावर बोट ठेवून एक्स्पोजर (उजेड) उतरव, परत जा.

दुसरा काकांचा, जोतिबाच्या चैत्र यात्रेतला. सासनकाठी पेलणाऱ्याचा आवळलेला जबडा असा मिळालाय की बघत राहावं. पण काठीचा शेंडा कापलाय, आणि गुलाल इतका भडक की कपड्यांच्या चुण्या, चेहरे, सगळं एकच गुलाबी. (मोबाईल मनानंच रंग चढवतो. लाल चॅनल, म्हणजे फोटोतला लाल रंगाचा हिस्सा, एकदा पूर्ण भरला की त्यातला तपशील परत येत नाही.) काकांनी खाली लिहिलंय, ‘मोकळेपणानं सांगा.’ आता यात्रा पुढच्या चैत्रात. शेंड्याचं सांगून करायचं काय?

आधी गोड, मग कडू हा प्रकार मला खोटा वाटतो, काकांना तर लगेच कळेल. ‘यात तुम्हाला काय दाखवायचं होतं?’ असं आधी विचारावं का? की तो टोमणा वाटेल? आणि दुसऱ्याचा फोटो आपणच एडिट करून ग्रुपवर टाकणं बरं दिसतं का? मला तरी न विचारता केलेलं आवडणार नाही.

शार्पनेसवर मात्र मी बोलतच नाही. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, दोष कुणाचा ते कसं कळणार?

प्रतिसाद: विचारा की, पण ग्रुपवर नको, फोनवर विचारा. काका ‘तो जबडा’ म्हणाले तर काम सोपं आहे. मूळ फाईल मागवा, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) उतरवा आणि चेहरा व हात एवढंच ठेवून आवळून क्रॉप करा. शेंडा गेल्याचं मग कुणाच्या लक्षातही येणार नाही. ‘पूर्ण काठी’ म्हणाले तर पुढच्या वर्षी मागं सरकून उभा फोटो घ्या म्हणावं. एका वेळी एकच गोष्ट सांगा. चार सांगितल्या की माणूस पहिली विसरतो.

धागाकर्ता: आज संध्याकाळी काकांना फोन लावतो. मूळ फाईल त्यांनी डिलीट केली नसली म्हणजे मिळवली.