मोठ्या विमा कंपनीला धोका नियामकाचा की स्वतःच्याच पॉलिसीतल्या वाक्यांचा?

तळटीप:
मोठ्या विमा कंपन्यांच्या वार्षिक अहवालात कायदेशीर आणि नियामक जोखमीवर एक प्रकरण असतं. गेले काही आठवडे मी ही प्रकरणं वाचतोय आणि सगळीकडे सूर एकच, नियम बदलतील, भांडवल जास्त ठेवावं लागेल, दंड होईल, खटले सुरू आहेत. जणू सगळं संकट बाहेरूनच येणार. माझं मत उलटं आहे. सगळ्यात मोठी कायदेशीर जोखीम कंपनी स्वतःच्या हाताने लिहिते, पॉलिसीच्या मजकुरात.

मर्क या औषध कंपनीचं बघा. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या व्हायरस पसरला, त्यांचे ४० हजारांच्या आसपास कॉम्प्युटर गेले, नुकसान सांगितलं १.४ अब्ज डॉलर. मर्ककडे मालमत्तेची 'ऑल रिस्क' पॉलिसी होती, म्हणजे स्पष्टपणे वगळलेलं सोडून बाकी सगळे धोके धरणारी. विमा कंपन्या म्हणाल्या, हा रशियाने युक्रेनवर केलेला हल्ला आहे, म्हणजे युद्धाचा अपवाद लागू, पैसे नाहीत. मे २०२३ मध्ये न्यू जर्सीच्या अपील कोर्टाने सांगितलं की त्या कलमाची भाषा लष्करी कारवाईची आहे, हा प्रकार त्यात बसत नाही. मग जानेवारी २०२४ मध्ये तडजोड झाली. आता मला सांगा, ते कलम आधीच नीट लिहायला कुणी अडवलं होतं? सरकारी पाठबळाच्या हल्ल्यांसाठी सायबर पॉलिसीत स्पष्ट अपवाद घालाच असं लंडनच्या लॉइड्स या विमा बाजाराने सांगितलं ते ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे व्हायरस येऊन पाच वर्षं झाल्यावर!

मोजपट्टी:
नाही पटलं. विम्यात किंमत आधी ठरते आणि खर्च नंतर कळतो, बाकीच्या धंद्यात सहसा उलटं असतं, त्यामुळे इथे शब्दाचा अर्थ नंतर ताणला गेला तर जुना प्रीमियम परत वाढवून घेता येत नाही. जी जोखीम धरलीच नव्हती तिचे पैसे द्यायचे, आणि ते येणार कुठून? संचालकांच्या खिशातून नाही, पुढच्या वर्षी पॉलिसी घेणाऱ्यांच्या हप्त्यातून.

आणि मोठ्या कंपनीचा खरा प्रॉब्लेम तुमच्या लेखात आलाच नाहीये. विमा चालतो कशावर, तर सगळ्यांची घरं एकाच दिवशी जळत नाहीत यावर. पण एकच वाक्य लाखो पॉलिसींत छापलेलं असेल तर कोर्टाचा एक निकाल म्हणजे सगळी घरं एकदम जळल्यासारखं. ब्रिटनमध्ये झालंच ना, कोविडमुळे धंदे बंद झाले आणि त्याची भरपाई द्यायची की नाही यावर वाद झाला तेव्हा तिथल्या एफसीए या नियामकाने जून २०२० मध्ये आठ विमा कंपन्यांना टेस्ट केस म्हणून कोर्टात नेलं, २१ नमुना मजकूर समोर ठेवले, आणि १५ जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने बहुतेक मुद्द्यांवर पॉलिसीधारकांच्या बाजूने निकाल दिला. एफसीएच्याच अंदाजाने तीन लाख ७० हजारांपर्यंत पॉलिसीधारकांचा प्रश्न होता. याचं गणित कुठल्या अ‍ॅक्च्युअरीने, म्हणजे विम्याच्या जोखमीचा हिशोब करणाऱ्याने, करायचं?

तळटीप:
पण हा तर माझाच मुद्दा झाला. लाखो ठिकाणी छापायचं वाक्य असेल तर लाखपट काळजीने लिहा. मजकूर कंपनी लिहिते, ग्राहकाला एक शब्द बदलता येत नाही, म्हणूनच शंका असली की अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा हे तत्त्व कोर्टं पूर्वीपासून वापरतात. हा धोका कंपनीला माहीत नव्हता असं म्हणताच येणार नाही.

रातराणी:
मी ११ वर्षं एका विमा कंपनीच्या क्लेम विभागात होते, नाव घेत नाही. तुम्ही दोघं वाक्यांवर भांडताय, पण मी जे बघितलं त्यात मजकूर बहुतेक वेळा स्पष्टच असायचा. गडबड व्हायची फाइल हाताळताना. सरासरी पेमेंट खाली आणा म्हणून वरून दबाव, आणि आकडा चांगला दिसला की शाबासकी. असे ईमेल नंतर कोर्टात वाचले जातात हे तेव्हा कुणाच्या डोक्यातही येत नाही.

अमेरिकेतला स्टेट फार्म ही विमा कंपनी विरुद्ध तिचा विमाधारक कॅम्पबेल हा खटला वाचा. १९८१ चा युटामधला अपघात, पॉलिसीची मर्यादा ५० हजार डॉलर आणि तेवढ्यात मिटवायला समोरचे तयार होते. कंपनीने नकार दिला, खटला चालला, ज्युरीने विमाधारकावर एक लाख ८५ हजार डॉलरपेक्षा जास्त भरपाई लावली. मग विमाधारकानेच कंपनीवर वाईट हेतूचा दावा लावला, त्यात पेमेंट कमी ठेवायच्या कंपनीच्या योजनेचे पुरावे आले आणि ज्युरीने १४.५ कोटी डॉलर दंडात्मक भरपाई ठोकली. २००३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ती अवाजवी म्हणून रद्द केली हे खरं, पण शेवटी ९० लाख डॉलरच्या आसपास बसलेच. हे कुठल्या नियामकाने केलं? एका माणसाची फाइल बंद करताना समोर माणूस आहे हे विसरलं की असं होतं. मला अजून त्या फाइली आठवतात.

उंबरठा:
नियामकाला इतकं सहज बाजूला काढू नका. कॅम्पबेलसारख्या खटल्याने मोठी कंपनी बुडत नाही, बुडते ती नियामक झोपल्यावर. ऑस्ट्रेलियाची एचआयएच ही विमा कंपनी मार्च २००१ मध्ये कोसळली, तूट ५.३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत, आणि मुख्य कारण काय तर पुढे येणाऱ्या क्लेमसाठी पुरेसा पैसा बाजूलाच ठेवला नव्हता. २००८ ला एआयजी या अमेरिकी विमा कंपनीचं तेच, खड्डा पडला मुख्यतः फायनान्शियल प्रॉडक्ट्स नावाच्या शाखेत, जी राज्यांच्या विमा नियामकांच्या नजरेबाहेर होती. सरकारी मदतीची हमी १८२ अब्ज डॉलरवर गेली. कडक देखरेख ही जोखीम नाहीये, कंपनीचा तोच विमा आहे.

मोजपट्टी:
अर्धंच सांगताय. एआयजीच्या आयुर्विमा कंपन्यांनीही रोखे उसने देऊन आलेला पैसा घरकर्जाच्या रोख्यांत घातला होता, मोठा तोटा तिथेही झाला, आणि त्या तर राज्यांच्या नियामकांच्या डोळ्यांसमोर होत्या. आणि पुढे काय झालं? अमेरिकी सरकारच्या समितीने घाबरून २०१४ मध्ये मेटलाइफ या विमा कंपनीवर 'व्यवस्थेला धोका' असा शिक्का मारला. मार्च २०१६ मध्ये फेडरल कोर्टाने तो काढला, एक कारण म्हणजे त्याचा कंपनीवर खर्च किती पडेल याचा विचारच केला नव्हता.

रातराणीताई, तुमचं मात्र मान्य. क्लेम दाबणाऱ्यांची बाजू मी घेत नाहीये. माझं भांडण इतकंच, की प्रामाणिकपणे लिहिलेल्या वाक्याचाही अर्थ मागाहून बदलतो. ब्रिटनच्या त्याच कोविड निकालात २०१० चा ओरिएंट एक्सप्रेस हॉटेल्सचा, धंदा एरवीही बुडालाच असता तर भरपाई नाही असा निकाल चुकीचा ठरवला गेला. इतकी वर्षं विमा कंपन्या त्याच निकालावर विसंबून होत्या.

तळटीप:
हो, आणि तो २०१० चा निकाल देणारे न्यायाधीश हॅम्बलन आणि त्याआधी त्या वादात लवाद असलेले लेगॅट, दोघंही २०२१ च्या खंडपीठावर होते. दोघांनी आपला तेव्हाचा निष्कर्ष चुकला असं लिहून दिलं. मोजपट्टी, हे वाचून मी पहिल्यांदा तुमच्या बाजूला जरासा सरकलो, कारण न्यायाधीशालाच दहा वर्षांनी दुसरा अर्थ दिसत असेल तर मजकूर लिहिणाऱ्याने कितीही काळजी घेतली तरी काही धोका उरणारच. तेवढा धोका प्रीमियममध्ये धरा, माझी हरकत नाही. पण युद्धाच्या जुन्या कलमात व्हायरस बसवायचा प्रयत्न त्यात येत नाही, त्यावर मी ठाम आहे.