रक्त गोठणे, साकळणे की घट्ट होणे?

प्रश्न: रजोनिवृत्तीनंतर दिल्या जाणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाबद्दल रुग्णांसाठी माहितीपत्रक मराठीत करते आहे. ‘इस्ट्रोजेनमुळे रक्त घट्ट होऊन गुठळ्या होऊ शकतात’ असे लिहिले, पण ‘घट्ट’ खटकतो आहे. गोठणे, साकळणे, क्लथन, स्कंदन यांतले काय घ्यावे?

प्रतिसाद: ‘घट्ट’ काढाच, ही कळकळीची विनंती. रक्त दाट होतच नाही. गोळी पोटात गेली की औषध आतड्यातून आधी यकृतात पोहोचते, आणि रक्त गोठवणारी बहुतेक प्रथिने यकृतच बनवते. त्यातली काही वाढतात. गोठण्याला आवर घालणारी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन एस कमी होतात. म्हणजे वाढते ती गोठण्याची तयारी. ‘घट्ट’ वाचणारी बाई भरपूर पाणी पिऊन निश्चिंत होईल, आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, ही गुठळीची खूण असली, तरी घरी बसेल. ‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्दप्रयोगही याच गैरसमजातला.

‘साकळणे’ मला फार आवडतो. पण मुका मार लागला की कातडीखाली रक्त साकळते, तेच आधी डोळ्यांसमोर येते. तिथे रक्त वाहिनीबाहेर आलेले असते. इथे गुठळी शिरेच्या आत धरते. ‘गोठणे’ म्हटले की थंडी आठवते, भीतीही. तरी जखमेवरचे रक्त गोठते हे सगळ्यांच्या तोंडी आहे. क्रियेला गोठणे, वस्तूला गुठळी. क्लथन, स्कंदन पाठ्यपुस्तकात राहू द्या.

आणखी एक प्रतिसाद: ‘अंतर्कीलन’ (एम्बोलिझम) हाही शब्द टाळा. कील म्हणजे खुंटी, पाचर. शब्द घडवणाऱ्याने चित्र नेमके पकडले आहे, पण छातीत दुखून धाप लागलेल्या रुग्णाला ते उलगडणार नाही. ‘सुटलेली गुठळी फुप्फुसात अडकणे’ लिहा.

प्रश्नकर्ती: पटले. ‘धोका दुप्पट’ चालेल?

प्रतिसाद: एकटे नको. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाच्या २००२ च्या निष्कर्षांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखे संप्रेरक) एकत्र घेणाऱ्या १०,००० स्त्रियांमागे वर्षाला सुमारे ३४ जणींना शिरांत गुठळ्या झाल्या, औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत १६. दुप्पट खरेच, पण हे आकडे शेजारी असले की वाचणारीला मोजता येते.

आणि वाक्याची सुरुवात ‘इस्ट्रोजेनमुळे’ नको, ‘इस्ट्रोजेनच्या गोळीमुळे’ हवी. त्वचेवाटे दिलेले औषध आधी यकृतात न जाता सरळ रक्तात मिसळते, आणि निरीक्षणात्मक अभ्यासांत त्याने गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसलेला नाही. त्याला ‘पट्टी’ म्हणू नका, जखमेची वाटेल. ‘त्वचेवर चिकटवायचा पॅच’ पुरे.